कुंभारगावच्या काठावरचा रविवार

"किती वेळ लागेल? साडेनऊला आम्हाला निघायचंय."

जानेवारीतला रविवार, सकाळचे पावणेसात. उजनीच्या पाण्यावरचं धुकं अजून उठायचं होतं. पहाटे चारला पुण्याहून निघालेल्या गाडीतून चौघं उतरले आणि होडीत पाय ठेवण्याआधीच त्यांच्यातल्या एकानं हे विचारलं. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आलेत का, किती आलेत, हे प्रश्न त्यानंतरचे. नावाड्यानं चौघांना लाइफ जॅकेटं घालायला लावली, बांबू चिखलात रोवला, होडीला रेटा दिला आणि नेहमीचं उत्तर दिलं, "पक्ष्यांच्या मनावर हाय, साहेब."

काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघं चहा घेत बसले होते. प्रश्न दोघांनीही ऐकला. दोघंही हसले, पण एकाच गोष्टीला नव्हे.

त्यातले एक गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. रोज सकाळी सायकलवरून येतात, गळ्यात जुनी दुर्बीण असते, दोन-अडीच तास बसतात आणि जातात. वही नाही, कॅमेरा नाही. दुसरे अण्णा. बारा एकर ऊस, चार गाई, साठी ओलांडलेली. ते पक्ष्यांसाठी आले नव्हते. त्यांच्या उसाला तोड येणार होती आणि टोळीचा मुकादम याच शेडमध्ये चहाला थांबतो, म्हणून ते त्याला गाठायला आले होते.

"फुरसत घालवायला आले आन् घड्याळ बगत्यात," अण्णा म्हणाले. "ही खरूज हाय गुरुजी, पैसेवाल्यांची. पैसे देऊन खाजवून घ्यायची."

"त्यांना फुरसत नाही, अण्णा. त्यांना सुट्टी आहे."

"एकच की."

"एक कसं? सुट्टी कुणीतरी देतं, नाहीतर आपण टाकतो. फुरसत मिळते. सवड काढावी लागते. उसंत घ्यावी लागते. आणि रिकामपण? ते अंगावर येतं. प्रत्येकाचं क्रियापद वेगळं आहे. उगीच नाही."

चाळीस वर्षं व्याकरण शिकवलेल्या माणसाचा हा खोडसाळपणा म्हणून सोडून देता आला असता. पण अण्णा सोडणाऱ्यांतले नव्हते. "आमच्याकडं एकच म्हण चालती. रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावी."

"त्या न्हाव्याला कुणी विचारलं का? त्याच्याकडं गिऱ्हाईक आलेलं नाही. हत्यारं पुढं मांडून बसलाय बिचारा. त्याला फुरसत नाही, धंदा नाही. आपण त्याला आळशी ठरवून मोकळे झालो."

अण्णांनी कप खाली ठेवला. पुढचं बोलताना त्यांचा आवाज जरा उतरला. "रिकामपण मी बघितलंय, गुरुजी."

ते काय म्हणतायत हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर, सोलापूर रस्त्याला लागून असलेलं भिगवण आणि त्याच्या आसपासची कुंभारगाव, डिकसळ, पळसदेव ही गावं आज पाण्याच्या काठावर आहेत, पण ती पाणी बघून वसलेली नाहीत. पाणी त्यांच्याकडं आलं. खाली माढा तालुक्यात उजनीला भीमेवरचं धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि नदी मागे सरकत सरकत शेतांत, वाड्यांत, देवळांत शिरली. धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे, म्हणून इकडचा माणूस धरण 'मायनस'मध्ये गेलं हे वाक्य पावसाच्या बातमीइतक्या सहजपणे बोलतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. असं पाणी हटलं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि ते बघायला गर्दी लोटते.

"माझा बाप जुन्या गावात पाटलाच्या बरोबरीनं औत हाकायचा," अण्णा म्हणाले. "पाणी आलं, जमीन गेली. बदल्यातली जमीन मिळंस्तवर नव्या गावठाणात वट्यावर बसायचा. सकाळी बसायचा, दुपारी बसायचा. कुणी म्हणलं 'काय चाललंय', तर म्हणायचा 'बसलोय'. दोन वर्षं. बसूनच गेला म्हणा की. म्हणून बसलेला माणूस बगितला की मला बरं वाटत न्हाई. तुम्ही असलात तरी."

गुरुजी काही बोलले नाहीत. दुर्बीण डोळ्यांना लावली आणि बराच वेळ तशीच ठेवली. ते पक्षी बघत होते की उत्तर शोधत होते, सांगता येणार नाही.

धुकं उठलं तसा समोरचा उथळ पट्टा दिसू लागला. शेकाटे, थापटे, पाण्याच्या कडेला शराटी, आणि त्यापलीकडं शे-दीडशे रोहितांची फिकट गुलाबी रांग. अग्निपंख हे त्यांचं दुसरं नाव ते उडाल्याशिवाय पटत नाही. उभे असताना ते धुतलेल्या धोतरासारखे दिसतात. पाऊस चांगला झाला आणि धरण काठोकाठ भरलं की हे पाहुणे उशिरा येतात, कारण त्यांना पाणी नको असतं, चिखल हवा असतो. डोकं उलटं करून चोच चिखलात बुडवायची आणि गाळून खायचं, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग.

"तेच म्हणतो मी," अण्णा म्हणाले. "त्यो बगा, सकाळधरनं मान खाली. पक्षीबी राबतोयच की."

"आणि तो डावीकडचा?"

डावीकडं पाच-सहा रोहित एका पायावर उभे होते, मान पाठीवर वळवून पिसांत खुपसलेली.

या एका पायाचं कोडं शास्त्रज्ञांना बराच काळ छळत होतं. अटलांटातल्या जॉर्जिया टेक आणि एमरी विद्यापीठांतल्या दोघा संशोधकांनी २०१७ मध्ये त्याचा एक उलगडा मांडला. मेलेल्या रोहिताचं शरीर त्यांनी एका पायावर उभं केलं, तर ते आधाराशिवाय स्थिर राहिलं. दोन पायांवर ठेवलं की कोसळलं. म्हणजे एका पायावर उभं राहायला त्या पक्ष्याला स्नायूंचा जोर जवळजवळ लावावाच लागत नाही. हाडांची आणि सांध्यांची रचनाच अशी आहे की शरीराचं वजनच सांधा पक्का बसवतं. आपल्याला जी कसरत वाटते, ती त्याची आरामखुर्ची आहे.

गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा अण्णांना गंमत वाटली, पण ते हटले नाहीत. "त्याला सोसायटीचं कर्ज न्हाई. आन् पक्षी बघून कुणाचं काय भलं झालं?"

"चितमपल्लींचं नाव ऐकलंय?"

"सोलापूरचे. रानातले."

"वनखात्यात छत्तीस वर्षं. पक्ष्यांची मराठी नावं गोळा केली, आदिवासींकडून, पारध्यांकडून, फासेपारध्यांकडून. पक्षीकोश केला. मी शराटी म्हणतो, थापट्या म्हणतो. असे शब्द कुणीतरी निवांत बसून ऐकले म्हणून कागदावर राहिले."

"निवांत कुठं? नोकरीच होती की त्यांची. सरकार पगार देत हुतं रानात फिरायला. तुम्ही मला असा माणूस दाखवा की ज्याला पगार न्हाई, पेन्शन न्हाई, आन् त्यो निवांत हाय."

हा टोला बिनतोड होता. मारुती चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांच्या कामाचं मोल अण्णांच्या प्रश्नानं कमी होत नाही. पण फुरसतीविषयी लिहिणारे बहुतेक लोक पगारावर किंवा वडिलोपार्जित जमिनीवर बसून लिहीत आलेत, ही गोष्ट अण्णांनी बरोबर पकडली. ग्रीसमध्ये फुरसतीला माणसाच्या जगण्याचा कळस मानणारा ॲरिस्टॉटल, आणि त्याच्या घरचं पाणी भरणारे गुलाम. हे लिहिणाऱ्यालाही ते लागू आहे.

गुरुजींनी मग इंग्लंडातला दाखला काढला. जॉन मेनार्ड केन्स या अर्थशास्त्रज्ञानं १९३० मध्ये एक निबंध लिहिला होता. शंभर वर्षांत यंत्रं इतकी सुधारतील की माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल आणि उरलेल्या वेळाचं काय करायचं हीच खरी अडचण होईल, असा त्याचा अंदाज होता. ती मुदत २०३० ला भरते.

अण्णा आता मोकळेपणानं हसले. "यंत्रं आली की! ट्रॅक्टर आला, ठिबक आलं, मोबाईलवरनं मोटार चालू करायचा डबा आला. बाप बैल घेऊन तीन दिवस नांगरायचा ते आता दोन तासांत हुतं. मंग माझा वेळ गेला कुठं, ते त्या साहेबाला इचारा. एक आठवडा लाइट दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी असली की एक वाजता उठून बांधावर. वर बिबट्याचं भ्या. माझी झोपसुद्धा माझी न्हाई, वीज कंपनीची हाय."

इथं एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अण्णांची तक्रार कामाची नव्हती. काम त्यांना आवडतं, त्याशिवाय त्यांना करमत नाही. काम कधी करायचं हे दुसरा कुणीतरी ठरवतो, ही त्यांची तक्रार होती. आणि गुरुजी ज्याला फुरसत म्हणत होते, तिचं मूळही तिथंच असावं: हाताला काम आहे की नाही यापेक्षा आपल्या वेळावर आपला शब्द चालतो की नाही, यात. दोघांनाही हे त्या घडीला सांगितलं असतं तर दोघांनीही ते उडवून लावलं असतं.

तेवढ्यात होडी परत आली. साडेआठ वाजले होते. चौघांपैकी दोघं फोनमधले फोटो एकमेकांना दाखवत होते, तिसरा कुरवांना टाकायला आणलेल्या शेवेचा उरलेला पुडा खिशात कोंबत होता. कुरव आता होड्यांच्या मागं मागं फिरतात, मासे सोडून गाठी-शेव खातात. त्यांना सवय लागली आहे. पक्षीमित्र त्यावरून भांडतात, पण फोटो छान येतात. चौथा नुसता पाण्याकडं बघत होता. याच पाण्यात पुण्याची आणि पिंपरी-चिंचवडची मुळा-मुठा येऊन मिळते, उन्हाळ्यात त्याचा हिरवट वास सुटतो. पुणेकर ज्या निवांतपणासाठी इतक्या लांब येतात, त्यातला बराचसा त्यांनीच खाली सोडलेला असतो. जानेवारीत वास येत नाही एवढंच.

"झालं का गुरुजींचं?" नावाडी शेडमध्ये टेकत म्हणाला. तो त्यांचाच विद्यार्थी. बाप मासेमारी करायचा, हाही करतो. पहाटे तीनला जाळं काढायचं, चिलापी भिगवणच्या बाजारात लिलावाला पोचवायची आणि उजाडताना होडी धुऊन पाहुण्यांसाठी तयार ठेवायची. नोव्हेंबर ते मार्च असा दुहेरी दिवस.

"आम्ही सुट्टीवर बोलतोय," गुरुजी म्हणाले. "तुला शिकवलं होतं बघ, रविवारची सुट्टी कुणी मिळवून दिली?"

"लोखंडे. नारायण मेघाजी." तिसरीतल्या मुलासारखा तो ताठ बसून बोलला आणि स्वतःच हसला.

गुरुजींना यावर बोलायला नेहमीच आवडतं आणि विषयही तसा आहे. लोखंड्यांचं घराणं याच पुणे जिल्ह्यातलं, खेडजवळच्या कन्हेरसरचं. फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला हा कार्यकर्ता, 'दीनबंधु'चा संपादक. त्या काळात मुंबईच्या गिरण्या सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद होत. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम मोठं. रविवारी यंत्रं साफ करायला बोलावत. १८८४ मध्ये लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. त्यातल्या मागण्या आज वाचताना चमकायला होतं: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. सूर्यास्तापर्यंत काम, ही मागणी होती! सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला सुमारे दहा हजार कामगार सभेला जमले, त्यात दोन बाया बोलायला उभ्या राहिल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी माणसाला देवाला जाता आलं पाहिजे, असंही लोखंड्यांनी मांडल्याचं सांगतात. इंग्रजांचा चर्चचा वार जेजुरीच्या नावावर मागून घेणारा हा माणूस हुशार होता.

"म्हणजे बघा अण्णा," गुरुजी म्हणाले, "फुरसत ही पैसेवाल्यांची खरूज असती, तर गिरणीतल्या बिगाऱ्यांनी तिच्यासाठी सहा वर्षं का भांडावं? त्यांना पगारवाढ मागता आली असती. वेळ मागितला."

अण्णांनी उत्तर शोधायच्या आत नावाडी म्हणाला, "गुरुजी, पण रविवार माझा सगळ्यात मोठा धंद्याचा दिवस. सरकारी हाफिसांना पाच दिवसांचा आठवडा झाला, तसा शनिवारबी गेला."

हे खरं होतं. २०२० च्या फेब्रुवारीअखेर राज्य सरकारी कचेऱ्यांना शनिवार-रविवार सुट्टी सुरू झाली. आयटीवाल्यांना ती आधीपासूनच होती. शहरात सुट्टीचा एक दिवस वाढला की काठावर कामाचा एक दिवस वाढतो. एकाची फुरसत दुसऱ्याच्या बांबूवर चालते. यात नावाड्याची तक्रार नव्हती. मासेमारीपेक्षा हे काम बरं, अंग कमी मोडतं, आणि पाहुण्यांमुळं पोरांची फी निघते. त्यानं फक्त हिशोब सांगितला.

तोच हिशोब थोडा पुढं नेला की अण्णांची पंचाईत होते.

मुकादम आला, अण्णांशी दोन मिनिटं बोलला, उद्यापासून तोड सुरू करतो म्हणाला आणि गेला. त्याच्यामागं रस्त्यावर उसानं भरलेल्या दोन टायरगाड्या कारखान्याच्या दिशेनं चाललेल्या दिसल्या. एकीवर वाढ्यांच्या भाऱ्यावर एक पोर झोपलेलं.

इंदापूर-बारामतीच्या या पट्ट्यात हिवाळ्यात दोन पाहुणे येतात आणि दोघांचा मुक्काम बहुतेक एकाच वेळी पडतो. कच्छकडून रोहित, आणि बीड-नगरकडून ऊसतोडकरी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू होतं, मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा, या कारखान्यांच्या आसपास कोप्या पडतात. एका पाहुण्याला बघायला गाड्या येतात. दुसऱ्याकडं कुणी दुर्बीण लावत नाही.

या धंद्यात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी उचल घ्यायची आणि ती फेडण्यासाठी तोडायचं. २०२४ च्या जानेवारीत झालेल्या करारानं तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. आणि एक दिवस कामावर आलं नाही तर तो 'खाडा'. खाड्याला नुसती मजुरी बुडत नाही, वर दंड बसतो. ताप असो, पाळी असो, पोर आजारी असो. सुट्टी या शब्दाच्या बरोबर उलट्या टोकाला मराठीत कुठला शब्द असेल तर तो हा. सुट्टीत न केलेल्या कामाचे पैसे मिळतात, खाड्यात न केलेल्या कामाचे पैसे भरावे लागतात.

त्याची किंमत कुठवर जाते ते २०१९ मध्ये बाहेर आलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायका मोठ्या संख्येनं गर्भपिशवी काढून घेतायत, हे प्रकरण विधिमंडळात गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि पाहणीत अशा १३ हजारांहून अधिक बायका आढळल्या. कारणं अनेक आहेत, त्यात डॉक्टरांचा लोभ आहे, घातलेली भीती आहे. पण खाडा पडू नये हेही एक आहे. महिन्याच्या दोन-चार दिवसांची विश्रांती परवडत नाही म्हणून एक अवयव कायमचा काढून टाकायचा. फुरसतीचं मोल विचारणाऱ्यानं हा आकडा एकदा तरी समोर ठेवावा.

"तुमच्या फडात खाडा लावतात का, अण्णा?" गुरुजींनी विचारलं.

"त्यो मुकादमाचा नि कारखान्याचा व्यवहार. माझा ऊस येळेत गेला पायजे. चार दिवस वाळला की वजन घटतंय, त्यो तोटा कोण भरून देणार?" अण्णा चिडले होते, आणि चिडण्यात थोडी शरम मिसळली होती. "तुम्ही मला गुन्हेगार करू नका. मी तरी कुठं बसलोय?"

"नाही करत. पण मघाशी तुम्ही म्हणालात, बसणं ही श्रीमंतांची खरूज. त्या बाईला एक दिवस बसता आलं असतं तर?"

अण्णांनी उत्तर दिलं नाही. वादात असा एक क्षण येतो जिथं जिंकणाऱ्यालाही बरं वाटत नाही. गुरुजींनी विषय बदलला, नाहीतर चहा कडू झाला असता.

विषय बदलून ते वारीवर आले आणि तिथं गंमत अशी झाली की अण्णाच फुरसतीचे वकील झाले. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला जाते. बेलवाडीला गोल रिंगण होतं, घोडा धावतो, मागोमाग टाळकरी, विणेकरी, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बाया पळतात, फुगड्या पडतात. अण्णा गेली सव्वीस वर्षं बेलवाडीपासून पंढरपूरपर्यंत चालतात. ऐन पेरणीच्या टायमाला.

"तेव्हा शेत कोण बघतं?"

"बघतंय कुणीतरी. भाऊ हाय, पोरगा हाय. वारीला खाडा नसतो, गुरुजी. तिथं फोनबी लागत न्हाई. आन् लागला तरी उचलत न्हाई."

"मग ही फुरसतच झाली."

"ही सेवा हाय. फुरसत म्हणू नका."

गुरुजींनी मान हलवली. पण प्रश्न तसाच राहिला. आपल्याकडं विश्रांतीला देवाचं नाव लावल्याशिवाय ती घ्यायला लाज वाटते. बेंदूर-पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, अमावस्येला औत धरायचं नाही. बैलाला सुट्टी द्यायलासुद्धा तिथी लागते. लोखंड्यांना हे माहीत होतं, म्हणून त्यांनी खंडोबाला सोबत घेतलं. नुसतंच 'आज मी काही करणार नाही' असं म्हणणाऱ्याला घरात, गावात, शेतात मान नाही. कॉर्पोरेट जगातही नाही. नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं, तेव्हा देशभर वाद झाला. पण अण्णांसारख्या अनेकांना तो वाद कशाचा हेच कळलं नाही, कारण त्यांची सत्तरी केव्हाच भरते.

शेडच्या मागच्या बाजूला नावाड्याची बायको मासे साफ करत होती. रविवारी बारापर्यंत तीस-चाळीस ताटं लागतात: चिलापीचा फ्राय, रस्सा, भाकरी, भात, कांदा. तिचे कान इकडंच होते. ती हात न थांबवता म्हणाली, "गुरुजी, एक इचारू का?"

"विचार की, पोरी."

"तुम्ही हितं रोज दोन तास बसता. तेवढ्यात घरी तुमच्या आंघोळीचं पाणी कोण तापवतंय?"

अण्णा मोठ्यानं हसले. गुरुजीही हसले, थोडे उशिरा.

"आन् अण्णा, तुम्ही हसू नका. तुमच्या वारीचे लाडू-चिवडे वहिनींनीच भरून दिल्याले असत्यात."

या बाईला सरकारी आकडे माहीत नव्हते, पण आकडे तिच्या बाजूचे आहेत. देशाच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये लोक दिवसाचे चोवीस तास कसे घालवतात याची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जीव जात होता, तीच कामं करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत बायकांचे २८९ झाले, पुरुषांचे ८८. पाच वर्षांत गॅस, मिक्सर, नळ घरोघरी पोचल्यावर बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाची नऊ. वाचलेल्या वेळाची वाटणीही अशी काटेकोर.

"मग तुझी फुरसत कोणती?" गुरुजींनी विचारलं. विचारण्यात चेष्टा नव्हती.

तिनं सुरी थांबवली. ओल्या हातानं पलीकडच्या काठाकडं बोट केलं. धुकं गेल्यामुळं तिकडची उसाची हिरवी रेघ आणि दोन-तीन बाभळी दिसत होत्या. तो करमाळा तालुका. "त्या बाभळीमागं माझं माहेर. पंचमीला जाती मी. तिथं आई मला पाटावरनं उठू देत न्हाई. झोका बांधत्यात, रात्री फेर धरतो, पहाटंपर्यंत गाणी. सकाळी कुणी हाक मारत न्हाई. नऊला उठती मी, नऊला!" हे सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला, की तिघंही पुरुष गप्प बसून ऐकत राहिले.

"लांब आहे का?"

"समोर दिसतंय की. रस्त्यानं डिकसळच्या पुलावरनं लई फेरा पडतो. होडीनं पाऊण तास."

डिकसळचा पूल हा इंग्रजांच्या काळातला, रेल्वेसाठी बांधलेला. १८५८ मध्ये पुण्याहून निघालेली आगगाडी इथं डिकसळपर्यंत येऊन थांबायची. धरण झालं, लोहमार्ग हलला आणि पूल माणसांना राहिला. इंदापूर आणि करमाळ्याला जोडणारा हा जुना रस्ता, आणि दुसरा रस्ता पाण्याचा. पाहुण्यांना सफरीचं वाटणारं हे पाणी काठच्या लोकांची वाट आहे. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. ते कुणी पक्षी बघायला निघाले नव्हते. नावाडी तेव्हापासून जॅकेटशिवाय कुणाला बसू देत नाही.

"आजबी काय वारा न्हाई," अण्णा पाण्याकडं बघत म्हणाले. "होडी हाय, नवरा हाय. पाऊण तासाचं अंतर. येऊन जा की आईला भेटून. पंचमीची कशाला वाट बगायची?"

वरच्या रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. मागोमाग आणखी एक. दारं उघडली, पोरांचा कलकलाट झाला, आणि कुणीतरी उतरता उतरता विचारलं, फ्लेमिंगो दिसायला साधारण किती वेळ लागेल म्हणून. नावाडी उठला, जॅकेटांचा ढीग उचलला.

"आज रविवार हाय, अण्णा," ती म्हणाली आणि तिनं पुढचा मासा उचलला.